स्मशानाची वाट अडवली : दिल्लीच्या मानवी हक्क आयोगाचा खरंच उपयोग होतो का?

दुधनाकाठ | २० मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, जय भीम. पाच-सहा वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. मूळ गाव परभणी जिल्ह्यात, पोटासाठी वाळूजला. गावाचं आणि तालुक्याचं नाव टाकत नाही, आई-वडील अजून तिथंच राहतात.

गेल्या वर्षी ४ जुलैला माझी चुलती वारली. आदल्या रात्रीपासून पाऊस धो धो. आमच्या वस्तीतून स्मशानभूमीकडं एक गाडीवाट जाते, माझ्या आज्याच्या आधीपासूनची. बाजूच्या शेतमालकानं तिच्यावर तार ओढून बाभळीची काटी रचली होती. मग म्हणलं, गावातून डांबरीनं नेऊ. स्मशानातलं शेड काही कुणाच्या घरचं नाही, जनसुविधा योजनेच्या सरकारी पैशातून बांधलंय. तर वेशीजवळ चौघं-पाच जण आडवे आले. "तुमची जागा वढ्यापल्याड हाय, तिकडं न्या." तिरडी चिखलात टेकवायची नाही म्हणून खांदे बदलत दीड तास उभे होतो. पोलीस पाटील आला, त्यानं दोन्हीकडं हात जोडले आणि गेला. शेवटी ओढ्याच्या काठावर ओली लाकडं, दोन जुने टायर आणि पाच लिटर डिझेल. चुलतभाऊ त्या दिवसाबद्दल अजून बोलत नाही.

मग अर्ज सुरू. ग्रामपंचायतीत दिला, 'मासिक सभेत घेऊ'. ठाण्यात गेलो, 'समजुतीनं मिटवा' आणि डायरीत एक ओळ. तहसीलला दिला, जिल्हाधिकारी कार्यालयात दिला. गुढीपाडव्याच्या आधी मंडळ अधिकारी आले, तार काढायला लावली, फोटो काढले. ते गेल्यावर आठ दिवसांत तार परत जागेवर.

परवा कंपनीतला मित्र म्हणाला, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडं टाक, भेदभाव बघायचं काम त्यांचंच. कुणी असं केलंय का? पुढं काय होतं? आणि आता वर्ष होत आलंय, त्यानं काही फरक पडतो का?

पैनगंगेचा_पाहुणा | २० मे, रात्री ११:०५

लिहा, पण आस लावून बसू नका. २०१७ साली मणिपूरच्या चकमकींच्या खटल्यात आयोगानं स्वतःच सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं होतं की आमची गत दात नसलेल्या वाघासारखी झालीय. वाघच असं म्हणतोय तर त्याला कवळी बसवणारे आपण कोण? रजिस्टरचे पैसे वाचवा, त्यात एखाद्या वकिलाला चहा पाजा.

लिंबाचा_पार | २१ मे, सकाळी ७:२०

माझं बोलणं कडू लागेल, पण गावात राहायचंय हे विसरू नका. एकदा कागद झाला की बटई, उसनवारी, बैलांचा सावड, सगळं तुटतं. तुम्ही वाळूजला, भोगतील आई-वडील. त्या शेतमालकाचीही काही बाजू असेलच. पांदणीखाली दोन गुंठे गेले की माणूस चिडतो. चार जाणती माणसं पारावर बसवा, मिटेल.

दुधनाकाठ | २१ मे, सकाळी ९:४८

@लिंबाचा_पार, बसवली होती दादा. दोनदा. शेतमालक म्हणाला, रस्ता द्यायला माझी ना नाही, पण विहिरीजवळून तुमचं मढं नको. त्याच वाटेनं त्याच्या भावकीचा उसाचा ट्रॅक्टर जातो. ट्रॅक्टर आला की तार सोडतात, गेला की ओढतात. दोन गुंठ्यांचा प्रश्न असता तर मीच मोजणीचे पैसे भरले असते.

जुना_कारकून | २१ मे, दुपारी २:३१

तहसीलमध्ये अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, तेव्हा टेबलाच्या पलीकडून सांगतो.

आधी सगळ्यात कोरडी गोष्ट. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा. गाडीवाट दुहेरी तुटक रेघेनं दाखवलेली असते. ती असेल तर निम्मी लढाई तिथंच. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराला अडथळा काढायचा हुकूम देता येतो, पण दावा अडवल्यापासून सहा महिन्यांत लागतो. जुलैची मुदत गेली. पाडव्यानंतर तार पुन्हा ओढली ना? ती नवी तारीख धरा. तुम्ही नुसते 'अर्ज' देत बसलात. अर्जावर आवक क्रमांक पडतो आणि तो गठ्ठ्यात जातो. दाव्यावर तारीख पडते. आमच्या हपिसात या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक.

आयोगाबद्दल एक आठवण. त्याचा वटहुकूम निघाला २८ सप्टेंबर १९९३ ला. दोनच दिवसांनी, ३० ला पहाटे, किल्लारीचा भूकंप. मी तेव्हा औश्याकडं मदतकामावर होतो, दिल्लीत काय स्थापन झालं ते कुणाला ठाऊक? पत्र्याच्या शेडात कुणाशेजारी कोण राहणार यावर सुद्धा कुजबूज चालायची, मातीचा ढिगारा अजून उपसला नव्हता तरी. १२ ऑक्टोबरला आयोग बसला. कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली ८ जानेवारी १९९४ ला, आणि १४ जानेवारीला आमच्या मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार, बाबासाहेबांचं नाव लागलं. १९७८ ला ठराव झाल्यावर गावोगाव वस्त्या पेटल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. त्या वेळी लोकांच्या हातात कलेक्टरला तार करण्यापलीकडं काय होतं?

खंडपीठ_पायरी | २१ मे, रात्री ९:१६

मी खंडपीठात वकिली करते. सविस्तर लिहिते, कारण या विषयावर व्हॉट्सॲपवर फार कचरा फिरतो.

पहिली गोष्ट, तक्रारीत शेतमालकाचं नाव सगळ्यात वर लिहिलंत की तिथंच संपलं. आयोग खासगी माणसाचा न्याय करत नाही. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याचं कलम १२ बघा. लोकसेवकानं हक्क मोडला असेल, मोडायला मदत केली असेल, किंवा मोडला जात असताना रोखण्यात हयगय केली असेल, तर आयोग चौकशी करतो. तुमचं प्रकरण या तिसऱ्या प्रकारात बसतं. तार ओढणारा शेतमालक आहे, पण ठाण्यानं गुन्हा नोंदवला नाही आणि तार परत लागल्यावर तहसील गप्प बसलं, ही हयगय.

आयोगाच्या १९९४ च्या कार्यपद्धती विनियमात कुठल्या तक्रारी सुरुवातीलाच बाजूला ठेवायच्या ते दिलंय. मोघम तक्रार, निनावी तक्रार, मालमत्तेचा किंवा कराराचा दिवाणी वाद, नोकरीतली गाऱ्हाणी, कामगार-मालक तंटा, न्यायप्रविष्ट प्रकरण. म्हणजे तुम्ही 'आमचा रस्ता अडवला' असं शीर्षक दिलंत तर कारकुनाला तो बांधाचा तंटा वाटणार. शीर्षक असं हवं : अनुसूचित जातीच्या कुटुंबांना सार्वजनिक स्मशानभूमीचा वापर नाकारला जात असताना लोकसेवकांनी केलेली हयगय.

आधार घटनेतच आहे. अनुच्छेद १७ (अस्पृश्यता बंदी) सगळ्यांना माहीत असतो, पण १५(२) वाचा. सरकारी पैशातून पूर्ण किंवा अंशतः राखलेल्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते, सार्वजनिक जागा वापरताना जात आड येता कामा नये. तुमचं शेड जनसुविधेतून झालंय, तर ग्रामपंचायतीकडून त्या कामाच्या मंजुरीचा कागद माहिती अधिकारात काढा आणि जोडा. तो कागद गावनकाशाइतकाच मोलाचा.

दुसरी गोष्ट मुदत. १९९३ च्याच कायद्याच्या कलम ३६(२) प्रमाणे घटनेला एक वर्ष झालं की आयोगाला चौकशी करता येत नाही. तुमच्याकडं ३ जुलैपर्यंत वेळ आहे असंच समजून चाला. तार परत लागली ही नवी घटना म्हणून मांडता येईल, पण चुलतीची घटनाच प्रकरणाचा कणा आहे, तिची मुदत जाऊ देऊ नका.

तिसरी, ठाण्याचा विषय वेगळा आणि तो सोडू नका. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर कलम ३(१)(झेडए) आलंय. स्मशानभूमी, पाणवठा, रस्ता इतरांच्या बरोबरीनं वापरू न देणं हा गुन्हा आहे, शब्दशः. कलम १८-अ मुळे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तपास उपअधीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. ठाण्यानं घेतलं नाही तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टानं. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचंच कलम ४ कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी आहे. अत्याचाराची तक्रार सांगायला १४५६६ ही हेल्पलाइन आहे, तिथल्या तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

मुक्काम_पोस्ट_जालना | २१ मे, रात्री १०:०२

ताई, ठाण्यात आम्हाला सांगितलं होतं की तुम्ही बौद्ध, हिंदू महार नाही, मग तुम्हाला ॲट्रॉसिटी लागत नाही. त्यावर काय बोलावं?

खंडपीठ_पायरी | २१ मे, रात्री १०:२०

१९९० मध्येच अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झालाय. पस्तीस वर्षं जुनी गोष्ट अजून ठाण्यापर्यंत पोचली नसेल तर जातीच्या दाखल्याची झेरॉक्स पुढं सरकवा आणि नकार लेखी मागा. लेखी मागितलं की बऱ्याचदा नकार विरघळतो.

मुक्काम_पोस्ट_जालना | २१ मे, रात्री १०:३१

बरोबर. मग दुधनाकाठ दादा, एकच अर्ज करा आणि राष्ट्रीय आयोग, राज्य आयोग, एससी आयोग, मुख्यमंत्री, राष्ट्रपती, सगळ्यांना एकदम टाका. कुणीतरी उचलेल.

खंडपीठ_पायरी | २१ मे, रात्री १०:४४

नको! हीच चूक सगळे करतात. कलम ३६(१) : राज्य मानवी हक्क आयोगापुढं किंवा कायद्यानं नेमलेल्या दुसऱ्या एखाद्या आयोगापुढं प्रकरण प्रलंबित असेल तर राष्ट्रीय आयोग हात लावत नाही. सगळी दारं एकदम वाजवली की प्रत्येक जण शेजारच्या दाराकडं बोट दाखवतो. आणि मूळ अर्ज दुसऱ्या कुणाला, आयोगाला नुसती प्रत, असं असेल तर आयोग तो तक्रार म्हणून धरतच नाही.

एक दार निवडा. मुंबईत सीएसएमटीसमोर राज्य मानवी हक्क आयोग आहे, २००१ पासून, कायदा तोच. अनुसूचित जाती आयोग हा वेगळा, घटनेच्या अनुच्छेद ३३८ खालचा, त्यालाही दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. कुठलंही निवडा, पण निवडा.

दुधनाकाठ | २१ मे, रात्री ११:१३

ताई, आत्ता फाईल उघडून बघितली. सप्टेंबरमध्ये जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या अर्जाच्या तळाशी मी लिहिलंय : 'प्रत माहितीस्तव : मा. अध्यक्ष, राष्ट्रीय मानवी हक्क आयोग, नवी दिल्ली'. रजिस्टरनं पाठवलं होतं. पोच आली, उत्तर नाही. आठ महिने मी समजत होतो की दिल्लीनं दखल घेतली नाही.

जुना_कारकून | २२ मे, सकाळी ६:५०

'प्रत माहितीस्तव' म्हणजे आमच्या भाषेत 'वाचून सोडून द्यावे'. पस्तीस वर्षं मीही तेच केलं.

कयाधू | २२ मे, दुपारी १२:१०

मी प्रत्यक्ष तक्रार केलेली आहे, म्हणून लिहिते.

माझ्या भावाला लहानपणापासून कुबड्या. आमच्या तालुक्यात एका सरकारी कार्यालयात दिव्यांगांच्या योजनेचं टेबल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, रॅम्प नाही. 'सहीला स्वतः हजर राहा' म्हणायचे आणि तो पायऱ्यांवर बसून सरकत चढायचा. खाली येऊन सही घ्या म्हणलं तर साहेब म्हणाले, नियमात नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात भेदभावाला मनाई आहे, हे त्यांना मी सांगितलं तर हसले.

आयोगाच्या एचआरसीनेट पोर्टलवर तक्रार भरली. फी नाही, वकील लागत नाही, मराठीत चालते, आठव्या अनुसूचीतली कुठलीही भाषा चालते. पोर्टल नको असेल तर सीएससी सेंटरवाला भरून देतो, नाहीतर साधं पत्र, मानव अधिकार भवन, आयएनए, नवी दिल्ली ११००२३. आधी डायरी क्रमांक आला, मग केस क्रमांक. महिना-दीड महिन्यानं स्टेटस बघते तर काय, 'निकाली'! मी रडलेच. चौकशी नाही, नोटीस नाही, बंद.

मग आदेश नीट वाचला. त्यात एक ठरावीक वाक्य असतं. तक्रार संबंधित अधिकाऱ्याकडं पाठवावी, त्यानं आठ आठवड्यांत योग्य कारवाई करावी, तक्रारदाराला सोबत घेऊन करावी आणि काय केलं ते तक्रारदाराला कळवावं. ते 'सोबत घेऊन' सगळ्यात महत्त्वाचं. वीस दिवसांनी त्याच कार्यालयातून फोन, "मॅडम, जरा येऊन जाता का?" ज्यांनी दोन वर्षं खुर्ची दाखवली नाही त्यांनी चहा मागवला. टेबल खालच्या खोलीत आलं. रॅम्प अजून झालेला नाही, 'अंदाजपत्रक पाठवलंय' म्हणतात.

आमच्या पदरात एवढंच पडलं. साहेबांना शिक्षा वगैरे काही नाही.

पैनगंगेचा_पाहुणा | २२ मे, दुपारी १:०५

म्हणजे आयोगानं पोस्टमनचं काम केलं. कयाधूताई, तुमच्या चिकाटीला मानलं, पण यासाठी निवृत्त सरन्यायाधीश लागतात का? (२०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वोच्च न्यायालयाचे इतर निवृत्त न्यायाधीशही चालतात, आणि मुदत पाचाची तीन वर्षं केली.) जगभरच्या मानवी हक्क आयोगांची जी संघटना आहे तिनंही २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी आपल्या आयोगाचा दर्जा कायम करणं लांबणीवर टाकलं. कारण? चौकशीला पोलिसांचेच अधिकारी, आणि सदस्यांत समाजाचं पुरेसं प्रतिबिंब नाही. पोलिसांनी गुन्हा घेतला नाही याची चौकशी पोलीसच करणार.

खंडपीठ_पायरी | २२ मे, रात्री ८:४०

आक्षेप खरे आहेत, मी नाकारत नाही. पण पोस्टमन म्हणून मोकळं होऊ नका. आयोगानं स्वतः चौकशी करायची ठरवली तर त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. साक्षीला बोलावता येतं, शपथेवर विचारता येतं, कुठल्याही कचेरीतला मूळ कागद मागवता येतो. शेवटी कलम १८ खाली शिफारस. भरपाई द्या, अधिकाऱ्यावर खटला भरा, तातडीची मदत द्या. सरकारला साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. शिफारस बंधनकारक की नाही यावर वाद आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानं २०२१ मध्ये बंधनकारक आहे असं म्हटलंय. आपल्याकडं ते थेट लागू पडत नाही, पण युक्तिवादाला उपयोगी.

शिवाय आयोग स्वतः न्यायालयात जाऊ शकतो आणि गेलेला आहे. अरुणाचलमध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या चकमा लोकांना 'राज्य सोडून जा' म्हणून धमक्या येत होत्या, आणि राज्य सरकार बघत होतं. आयोगानं थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका टाकली. ९ जानेवारी १९९६ ला निकाल लागला, राज्यानं त्यांच्या जिवाचं रक्षण केलंच पाहिजे आणि नागरिकत्वाचे अर्ज केंद्राकडं पाठवलेच पाहिजेत. त्या लोकांकडं मत नव्हतं, पुढारी नव्हता.

तेच दरवर्षी घडतं असं नाही, हेही खरं.

अर्धा_कोयता | २३ मे, रात्री ९:५५

मी बीडची. माय-बाप ऊसतोडीला जायचे, एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. म्हणून माझं नाव अर्धा कोयता, बाप वारल्यावर मायला मुकादम असंच म्हणायचा.

वर ताईंनी लिहिलं की आयोग कामगार-मालक तंटा घेत नाही. आम्हाला पण लोक तेच सांगायचे. पण उचल फिटली नाही म्हणून मुकादमानं माणसं अडकवून ठेवली, जाऊ देईना, तर तो तंटा नाही, ती वेठबिगारी. १९७६ चा कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यानं सोडवायचं, मुक्तीचा दाखला द्यायचा. सर्वोच्च न्यायालयानं १९९७ ला या कायद्यावर देखरेख करायचं काम मानवी हक्क आयोगाकडंच दिलंय. तवा अर्जात 'मुकादम पैसे देईना' लिहायचं नाही, 'जिल्हाधिकाऱ्यांना कळवलं तरी सोडवलं नाही' लिहायचं. तुमच्या तारेसारखंच.

आणि २०१९ ला आमच्या जिल्ह्यात गर्भपिशव्या काढण्याचा विषय निघाला, ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. माझी मावशी त्यातली. मोजेपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. मोजल्यावर निदान कागदावर आली.

लिंबाचा_पार दादा, पारावर बायका बसत नाहीत. म्हणून आम्हाला कागद लागतो.

मांजरा_ते_मेलबर्न | २४ मे, पहाटे ४:१२

मूळचा लातूरचा, बारा वर्षं ऑस्ट्रेलियात. तुलनेसाठी सांगतो. इथं राष्ट्रीय आयोगाकडं खासगी घरमालक, दुकानदार, कंपनी यांच्याविरुद्धही भेदभावाची तक्रार जाते. वंशभेदाविरुद्धचा कायदा १९७५ चा, आयोगाचा १९८६ चा. आयोग दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवतो, नाही जमलं तर फेडरल न्यायालयाचा रस्ता मोकळा होतो. मी स्वतः भाड्याच्या घरावरून त्या समेटाला बसलोय. आपल्याकडं खासगी क्षेत्रातल्या सगळ्या भेदभावांना धरणारा एकच कायदा नाही, म्हणून आयोगाला अधिकाऱ्याच्या हयगयीतूनच आत शिरावं लागतं.

अवांतर : इथला समेट म्हणजे लिंबाचा पारच, फक्त तिथं दोन्ही बाजूंना सारखी खुर्ची मिळते.

लिंबाचा_पार | २४ मे, सकाळी ८:३३

पटलं नाही सगळं, पण शेवटचं वाक्य लागलं. दुधनाकाठ, शेतमालकाचा आणि माझा गाव एकच नसला तरी असले शेतमालक मला ठाऊक आहेत. त्याला कोर्टाची भीती नसते, मोजणीची असते. मोजणी लागली की त्यानं स्वतः दाबलेली पांदणही उघडी पडते. बघा, उपयोगी पडलं तर.

जुना_कारकून | २४ मे, सकाळी ९:०१

पाराला फळ लागलं!

दुधनाकाठ | १ जून, रात्री ११:४०

नक्कल मिळाली. गाडीवाट आहे नकाशावर, दुहेरी तुटक रेघ, कारकूनकाका म्हणाले तशीच. शेडच्या मंजुरीचा कागद माहिती अधिकारात मागितलाय, अजून आला नाही, पण मुदतीमुळं थांबत नाही. तक्रारीचा मसुदा केलाय. सुरुवात अशी :

'आमच्या गावातील जातीयवादी प्रवृत्तीच्या लोकांनी आमच्या समाजावर पिढ्यान्पिढ्या चालवलेल्या अन्यायाची…'

खंडपीठ_पायरी | २ जून, सकाळी १०:०५

ते सगळं खरं आहे आणि सगळं काढा. पहिली ओळ तारखेची. दुसरी ठाण्याची. तिसरी आवक क्रमांकांची. चौथी, मंडळ अधिकारी आले ती तारीख आणि तार परत लागली ती तारीख. मग मागण्या : वाट व शेडचा वापर खुला करावा, गुन्हा नोंदवावा, हयगयीची चौकशी करावी. भरपाई मागायला लाजू नका, दीड तासाची किंमत तुम्ही नाही, ते ठरवतील. 'दुसऱ्या कुठल्याही आयोगापुढे हे प्रकरण प्रलंबित नाही' ही ओळ विसरू नका. दीड पानाच्या वर जाऊ नका.

दुधनाकाठ | ३ जून, रात्री ९:२२

एक पान आणि चार ओळी झाल्या. पोर्टलवर भरली. चुलतभावानं वाचली, म्हणाला चिखलाचं काहीच लिहिलं नाहीस. म्हणलं, नाही लिहिलं.

मामलेदार दावाही लावलाय, पाडव्यानंतरच्या तारखेवर. अधीक्षकांना रजिस्टर गेलं.

कयाधू | ३ जून, रात्री ९:४०

डायरी क्रमांक लिहून भिंतीवर लावा. 'निकाली' दिसलं तर रडू नका, आदेश उघडून वाचा.

दुधनाकाठ | २७ ऑगस्ट, रात्री १०:५०

बरेच दिवसांनी आलो. थोडक्यात सांगतो.

जुलैच्या शेवटी 'निकाली' दिसलं. रडलो नाही. आदेश जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक दोघांच्या नावे, आठ आठवडे, तक्रारदाराला सोबत घेऊन. त्यानंतर उपअधीक्षकांच्या कार्यालयातून बोलावणं आलं, माझा आणि चुलतभावाचा जबाब झाला. चुलतभाऊ तिथं बोलला, पहिल्यांदाच. गुन्हा दाखल झालाय. गावात दोन घरांनी बोलणं सोडलंय, किराणा दुकानदार मात्र देतो. लिंबाचा_पार, बटई यंदा आम्हाला मिळाली नाही, हे तुमचं खरं ठरलं.

परवा तहसीलकडून स्थळपाहणीची नोटीस आली, ३१ तारखेला सकाळी ११ ला. काय घेऊन जाऊ?

जुना_कारकून | २८ ऑगस्ट, सकाळी ६:१५

नकाशाची नक्कल, मोबाइल चार्ज करून, आणि वस्तीतले दोन लिहिता-वाचता येणारे पंच. मुख्य म्हणजे पंचनाम्यावर सही करायच्या आधी तो शेवटपर्यंत वाच. 'पाहणीवेळी रस्ता खुला आढळला' हे वाक्य कचेरीतूनच लिहून आणलेलं असतं. मीच लिहायचो.

दुधनाकाठ | ३१ ऑगस्ट, दुपारी ४:३७

होतं ते वाक्य. तार त्यांनी सकाळी दहालाच सोडून ठेवली होती, खांब तसेच उभे.

सही केली नाही. काटीचा ढीग, खांबांची संख्या आणि तारेची गुंडाळी कुठं पडलीय ते लिहायला लावलं. अकरा खांब. सव्वा तास लागला, साहेब घड्याळ बघत होते. मग चुलतभावानं सही केली, मी केली, पोलीस पाटलानं पण केली.

जुना_कारकून | ३१ ऑगस्ट, दुपारी ४:५२

अकराही लिहिले का? बरं. आता त्याची नक्कल आजच माग. उद्या म्हणतील झेरॉक्स बंद आहे.